बोरूच्या बेटात दडलेली कविता

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात होन्आमी कोएत्सूची एक लेखनपेटी आहे, सतराव्या शतकातली. झाकण मध्यभागी चांगलंच फुगवटा आलेलं, त्यावर सोनेरी लाटा, लाटांवर एकमेकींना लागून उभ्या होड्या, आणि या सगळ्यावरून आडवा गेलेला शिशाचा रुंद, काळपट पट्टा. झाकणभर चांदीची अक्षरं विखुरली आहेत. ती जुळवत गेलं की मिनामोतो नो हितोशी या दहाव्या शतकातल्या कवीची एक प्रेमकविता हाती येते. पूर्वेकडच्या सानो गावातल्या, होड्या एकमेकींना बांधून केलेल्या पुलाचा तिच्यात उल्लेख आहे. कविता जुळते, पण एक शब्द कमी पडतो. ‘फुनाबाशी’, म्हणजे होड्यांचा पूल, हा शब्द कोएत्सूने लिहिलेलाच नाही. तो शिशाचा पट्टा हाच तो शब्द. पाहणाऱ्याने अक्षरांवरून चित्रावर यायचं, चित्रातला पूल मोठ्याने वाचायचा आणि पुन्हा पुढच्या अक्षराकडे वळायचं.

लिहिलेल्या कवितेतून चित्र उभं करण्याची ही कला जपानमध्ये हजार वर्षांहून जुनी आहे. तिची नावं वेगवेगळी आहेत. ‘आशिदे’ म्हणजे पाणथळीतल्या बोरूच्या काड्यांसारखं, दगडांसारखं, पाणपक्ष्यांसारखं वळवलेलं अक्षर. ‘उता-ए’ म्हणजे एखादी कविता ओळखायला लावणारं चित्र. ‘मोजि-ए’ म्हणजे अक्षरांच्याच रेषांनी रचलेली आकृती. या कलेचे उत्तम नमुने आज जपानी संग्रहालयांत अतिशय काळजीने सांभाळले जातात. त्यातले कित्येक ‘राष्ट्रीय संपदा’ म्हणून जाहीर झाले आहेत. वस्तूंची आबाळ नाही. आबाळ झाली आहे ती वाचणाऱ्याची. या कलेला कागद, शाई आणि सोनं लागतं तितकीच पाहणाऱ्याला आधीपासून पाठ असलेली कविताही लागते. हे पाठांतर आटत गेलं तसतशी कला दुभंगली आणि तिचे तुकडे निरनिराळ्या हातांत गेले. तिच्या आजच्या स्थितीचा विचार करताना सुरुवात इथूनच करावी लागते.

आशिदेचा उगम हेइआन काळातल्या दरबारी जगात आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीत ‘उमेगाए’ नावाचं प्रकरण आहे. मुलगी राजवाड्यात जाणार म्हणून नायक गेंजी तिच्यासाठी सुंदर हस्तलिखितं जमवतो आहे. तो तरुण मंडळींना कागद देतो आणि आशिदे, उता-ए, ज्याला जे सुचेल ते लिहून आणायला सांगतो. पुढे त्याच्या मुलाने लिहिलेल्या पानाचं वर्णन येतं: पाण्याचा भरघोस ओघ, त्यात विस्कटून वाढलेला बोरू, आणि एकूण दृश्य नानिवाच्या किनाऱ्याची आठवण करून देणारं. नानिवा म्हणजे आजचं ओसाका. तिथला बोरू वाका या जुन्या जपानी कवितेत इतक्यांदा आला होता की दरबारातल्या कुणालाही तो दिसताच ओळी सुचाव्यात. चित्र, अक्षर आणि पाठ असलेली कविता अशी तिहेरी वीण या कलेत पहिल्यापासून होती.

प्रत्यक्ष हाती लागणारा सर्वांत बोलका पुरावा क्योतो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. फुजिवारा नो कोरेयुकी या सुलेखकाने ११६०मध्ये ‘वाकान रोएइशू’ हा चिनी आणि जपानी काव्यवेच्यांचा संग्रह दोन गुंडाळ्यांवर उतरवला. कोरेयुकी सेसोन्जी या नामांकित सुलेखक घराण्यातला. ‘गेंजी’वरचं सर्वांत जुनं उपलब्ध भाष्यही त्याचंच. त्याच्या या गुंडाळ्यांवर मुख्य मजकुराखाली फिक्या रंगांत पाणथळीचं दृश्य आहे: बोरू, खडक, उडणारे पक्षी. त्यातल्या काही काड्या, काही खडक आणि काही पक्षी म्हणजे काना अक्षरं आहेत. वरचा मजकूर वाचणाऱ्याचे डोळे खालच्या चित्रात घसरतात, तिथे आणखी एक वाचन सुरू होतं, आणि एकाच कागदावर दोन मजकूर एकमेकांशी बोलू लागतात.

हे शक्य झालं ते काना लिपीमुळे. चिनी अक्षरं झरझर लिहिता लिहिता सैलावत गेली आणि त्यांतून जपानी ध्वनींची ही लिपी घडली. त्या काळी एका ध्वनीला एकच अक्षर असा नियम नव्हता. एकाच ध्वनीसाठी वेगवेगळ्या चिनी अक्षरांपासून आलेली अनेक वळणं वापरात होती, आणि त्यांतलं कुठलं निवडायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात होतं. ‘शि’ हे अक्षर तर एकच उभा फटकारा आहे, खाली किंचित वळलेला. त्याला बोरूची काडी व्हायला काहीच कष्ट पडत नाहीत. शिवाय अक्षरं एकमेकांत गुंफून, वर-खाली विखरून लिहिण्याची ‘चिराशिगाकी’ पद्धत होती. त्यामुळे कवितेच्या ओळीला सरळ रेषेत राहण्याचं बंधन नव्हतं. अक्षराला चित्र व्हायचं तर लिपीत इतकी मोकळीक असावी लागते.

दरबाराच्या शेजारी बौद्ध मठांतही अक्षर आणि आकृतीचा असाच शेजार नांदत होता, आणि त्याची एक मुळी थेट भारतात आहे. ८०६मध्ये चीनहून परतलेल्या कूकाइने गूढमार्गी बौद्ध परंपरेबरोबर सिद्धम् लिपी जपानमध्ये रुजवली. ही ब्राह्मीची लेक, आपल्या नागरीची नात्यातली. जपानी बीजमंडलांत देवतांच्या मूर्तींच्या जागी या लिपीतली बीजाक्षरं बसवतात. तिथे अक्षर हीच मूर्ती. बाराव्या शतकात हिराइझुमीच्या चूसोन्-जी मठासाठी सुवर्णप्रभास सूत्राच्या अक्षरांचे मनोरे रचले गेले: निळ्या कागदावर सोनेरी अक्षरांच्या ओळी अशा वळवल्या की मजल्यांवर मजले चढलेला स्तूप उभा राहावा. अशी १० चित्रं आहेत. ११६४मध्ये ताइरा नो कियोमोरीने इत्सुकुशिमाच्या देवस्थानाला अर्पण केलेल्या ३३ गुंडाळ्यांत मुख्य मजकूर सद्धर्मपुंडरीक सूत्राचा आहे, आणि काही मुखचित्रांत अक्षरं आशिदेच्या रीतीने निसर्गदृश्यात मिसळली आहेत. दरबारी कवितेचा खेळ इथे पूजेच्या कामी आला.

पुढच्या काळात आशिदे कागदावरून लाखकामावर उतरली. उरुशी झाडाच्या चिकाचे लेप द्यायचे, ते ओले असतानाच सोन्याची भुकटी शिंपडून नक्षी उठवायची, ही माकि-एची रीत. मुरोमाची काळातल्या लेखनपेट्यांवर खडकांच्या कपारींत आणि झाडांच्या मुळांत ‘कोकिनशू’ या जुन्या काव्यसंग्रहातल्या कवितांची अक्षरं दडलेली सापडतात. या परंपरेचा कळस म्हणजे नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयातला ‘हात्सुने’ संच. शोगुन तोकुगावा इएमित्सूची थोरली मुलगी चियोहिमे १६३९मध्ये ओवारीच्या मित्सुतोमोशी लग्न करून सासरी गेली, तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. तिच्या रुखवतासाठी कोआमी नागाशिगेने कपाटं, आरशाच्या पेट्या, लेखनपेट्या घडवल्या. राष्ट्रीय संपदेत आज या लग्नातल्या ७० वस्तू आहेत. मुख्य नक्षी ‘गेंजी’च्या ‘हात्सुने’ प्रकरणातल्या एका कवितेवरची: लेकीपासून दुरावलेली आई नव्या वर्षाच्या दिवशी तिच्या पहिल्या बोलाची वाट पाहते आहे. त्या कवितेची अक्षरं या सगळ्या सोन्यात पेरली आहेत. नुकतं बोलायला लागलेल्या मुलीच्या रुखवतावर नेमकी ही कविता निवडण्यात केवढी समज आहे! सत्ता, संपत्ती आणि आईची हुरहुर एकाच पृष्ठभागावर आणणारी इतकी परिपूर्ण कलाकृती या परंपरेत दुसरी दाखवणं कठीण आहे.

इथवर कला मोजक्यांची होती. एदो काळ पुढे सरकला तशी ती रस्त्यावर आली.

त्या वाटेवरचा मोठा माणूस हाकुइन एकाकु (१६८६–१७६९). फुजी डोंगराच्या पायथ्याशी हारा गावात राहणारा हा झेन गुरू खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी चित्रं काढायचा. विद्येचा देव मानल्या गेलेल्या तेन्जिनचा झगा त्याने देवाच्या नामजपातल्या अक्षरांनी रचला. त्या जपाची सुरुवात ‘नामु’ने होते, म्हणजे आपलं ‘नमो’. आणि त्यातलं ‘दाइजिझाइ-तेन’ हे महेश्वराचं जपानी नाव. प्राचीन कवी काकिनोमोतो नो हितोमारोची बसलेली आकृती हाकुइनने अशीच उभी केली: हितोमारोच्याच नावावर सांगितली जाणारी, आकाशी किनाऱ्यावरच्या पहाटधुक्याची कविता घेऊन तिच्या अक्षरांचाच देह त्याला दिला. हितोमारोच्या नावाचा उच्चार ‘आग थांबते’ या अर्थाच्या शब्दांसारखा होतो, म्हणून लाकडी घरांत राहणारे लोक त्याला आगीपासून वाचवणारा देव मानत. हाकुइनचं चित्र असं एकाच वेळी कविता, कवीचं व्यक्तिचित्र आणि घराचं रक्षण करणारा ताईत होतं. रेघा जाड, ओबडधोबड आहेत. दरबारी सफाईचा मागमूस नाही. तरी कवी आणि त्याची कविता यांत भेद उरू न देण्याचं काम कोरेयुकीच्या नाजूक काड्यांपेक्षाही इथे जास्त थेट झालं आहे.

चित्रकार होकुसाइचा मार्ग निराळा. १८१०च्या सुमारास त्याने सहा ‘काव्यर्षीं’ची छापील चित्रमाला केली, ‘रोक्कासेन’. त्यात ओनो नो कोमाची, आरिवारा नो नारिहिरा आणि इतर चौघांच्या वस्त्रांच्या घड्या त्यांच्या नावांच्या अक्षरांनी बनल्या आहेत. चित्रं रसरशीत आहेत, रेषेवरची हुकमत थक्क करणारी. पण आकृती रचणारी अक्षरं इथे नावाची आहेत, कवितेची नाहीत. त्याच दशकात त्याने अक्षरांपासून चित्र काढायला शिकवणाऱ्या पुस्तिकाही काढल्या. तिथे अक्षर म्हणजे हात बसवण्याचं साधन. शाळकरी पोरं तर ‘हे-नो-हे-नो-मो-हे-जि’ ही सात अक्षरं मांडून भुवया, डोळे, नाक, तोंड आणि हनुवटीसह माणसाचा चेहरा काढू लागली, आणि अजूनही काढतात. बुजगावण्याच्या तोंडावर तोच चेहरा असतो. त्या अक्षरांना अर्थ नाही. कलेचा विस्तार झाला तो असा: आधी पूर्ण कविता, मग कवीचं नाव, मग नुसते ध्वनी. लोकांपर्यंत पोचण्यात कलेने काही गमावलं असं म्हणून एदोकाळाला नावं ठेवणं अन्यायाचं होईल, कारण तेव्हाही हितोमारोची कविता रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक होती. कवितांच्या पत्त्यांचा खेळ घरोघरी पोचला होता, स्वस्त छापील पुस्तकांत जुन्या कविता मिळत होत्या. खरा धक्का नंतर बसला.

तो दोन बाजूंनी आला. १८८२मध्ये कोयामा शोतारो या तैलचित्रकाराने ‘सुलेखन ही ललितकला नव्हे’ असा लेख लिहिला, आणि जेमतेम विशीतल्या ओकाकुरा काकुझोने त्याला उत्तर दिलं. हाच ओकाकुरा पुढे कोलकात्यात ठाकूर कुटुंबाच्या सहवासात राहून गेला. वाद ओकाकुराने जिंकला की कोयामाने, यापेक्षा महत्त्वाचं हे की पाश्चात्त्य वर्गवारीने चित्र आणि लेखन यांना वेगवेगळ्या दालनांत बसवलं. सरकारी पाठबळ असलेल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात सुलेखनाला जागा मिळायला १९४८ उजाडलं. दुसरा धक्का १९००मधला. त्या वर्षी प्राथमिक शाळांसाठी एका ध्वनीला एकच काना अक्षर ठरलं, आणि बाकीची वळणं अभ्यासक्रमाबाहेर गेली. छपाईच्या खिळ्यांनी अक्षरांना चौकोनात बसवलं. शिकण्याची सोय झाली यात शंका नाही. पण मोडी शाळेतून गेल्यावर घरातलं जुनं दप्तर वाचायला जाणकार शोधावा लागतो, तशीच जपानी वाचकाची गत झाली. आजोबांनी सहज वाचलेलं पुस्तक नातवाला नक्षीसारखं दिसू लागलं. आशिदेच्या बाबतीत तर गंमतच संपली: अक्षर चित्रात लपवण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा ते उघड लिहिलं असतं तर वाचता आलं असतं.

महायुद्धानंतर जपानी सुलेखनात जोम आला, आणि त्याच जोमात जुन्या वारशाची वाटणी झाली. १९५२मध्ये मोरिता शिर्यू, इनोउए यूइची आणि त्यांच्या सोबत्यांनी क्योतोच्या र्योआन्-जी मठात ‘बोकुजिन्काइ’ हा गट स्थापन केला. त्यांची झेप अमूर्ताकडे होती. इनोउएने १९५५मध्ये काही काळ अक्षर पूर्णपणे टाकून दिलं, मग तो परतला आणि आयुष्यभर एकेक प्रचंड अक्षर लिहीत राहिला. ‘गरिबी’ या अर्थाचं अक्षर तर त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं. १९५७च्या साओ पावलो द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याचं काम जगाने पाहिलं. ही विसाव्या शतकातली थोर कला आहे, पण तिच्यात कवितेला जागा नाही. कानेको ओतेइ (१९०६–२००१) उलट दिशेला गेला. आधुनिक कविता आजच्या लिपीत, कुणालाही वाचता येईल अशी लिहायची, हा त्याचा आग्रह. त्यातून आधुनिक काव्यलेखनाचा एक भक्कम प्रवाह निघाला, आणि त्यात कविता शाबूत राहिली. चित्र मात्र बाहेर राहिलं.

तिसरी वाट सुलेखकांची नव्हे, कवींची. निइकुनी सेइइची (१९२५–१९७७) याने मूर्तकवितेत अक्षरालाच दृश्य केलं. १९६६च्या ‘आमे’ या रचनेत पाऊस या अर्थाच्या चिनी अक्षरातले चार ठिपके पानभर ओळींनी कोसळतात आणि तळाशी पूर्ण अक्षर उभं असतं. आशिदेचा सर्वांत जवळचा आधुनिक वारस कोण, असं विचारलं तर निइकुनीचंच नाव घ्यावं लागेल. तरीही फरक उरतो. ‘आमे’ एका क्षणात उलगडते. तिच्यामागे आठवण्याजोगी दुसरी कविता नाही. कोएत्सूच्या पेटीवर वाचक येरझारा घालतो, इथे त्याचा प्रवास एका झेपेत संपतो.

आजच्या दृश्यात उत्साहाला तोटा नाही. शिकोकूतल्या कागदनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिकोकुचूओ शहरात २००८पासून शालेय मुलामुलींची सुलेखन-प्रयोगांची स्पर्धा भरते. संगीताच्या तालावर अख्खा चमू जमिनीवरच्या अवाढव्य कागदावर मोठाल्या कुंचल्यांनी लिहितो. २०१०मध्ये या स्पर्धेतल्या मुलींवर चित्रपटही आला. शाळेतल्या ओसाड सुलेखनवर्गांना या स्पर्धेने पुन्हा माणसं मिळवून दिली, ही तिची मोठी कामगिरी. टीमलॅब या समूहाने सुलेखनकार शिशूबरोबर २०११मध्ये केलेलं काम अधिक महत्त्वाकांक्षी आहे. भिंतीवरून अक्षरं खाली उतरतात, पाहणाऱ्याची सावली त्यांना स्पर्श करते आणि ‘पक्षी’चा पक्षी होतो, ‘पर्वत’चा पर्वत. लहान मुलंही खिळून राहतात असं हे काम आहे, आणि अक्षरात जग दडलेलं असतं ही जुनी जाण त्यात नव्या साधनांनी बोलते. पण त्यातलं अक्षर चित्र झालं की नाहीसं होतं. आशिदेचं मर्म नेमकं उलट आहे: अक्षर आणि बोरू दोन्ही एकाच रेषेत एकाच वेळी राहतात, आणि त्यांची ओढाताण मिटत नाही.

या जुन्या युक्तीत अजून दम आहे, हे चिनी कलावंत शू बिंगने दाखवून दिलं. १९९९मध्ये नेपाळच्या डोंगरांत रेखाटनं करताना त्याने दगडाच्या जागी ‘दगड’, झाडाच्या जागी ‘झाड’ ही अक्षरं लिहून निसर्गचित्रं केली. ती आजच्या कुठल्याही चिनी वाचकाला वाचता येतात, कारण शू बिंगने निवडलेली अक्षरं सर्वांना ठाऊक आहेत. वाचकाला काय येतं याचा हिशेब त्याने आधी केला, आणि जपानी कलावंतांना इथून शिकण्यासारखं आहे.

जुन्या लिपीचा अडसर आता काही अंशी हटतो आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०२१मध्ये ‘मिवो’ नावाचं मोबाइल अॅप खुलं केलं. जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की ते लपेटीदार अक्षरं आजच्या अक्षरांत दाखवतं. संग्रहालयांनी अशा साधनांचा वापर वाढवावा. पण अक्षर ओळखता आल्याने कोएत्सूचा पूल वाचता येत नाही. तिथे न लिहिलेला शब्द भरायचा असतो, आणि तो कविता आधी ऐकलेल्यालाच भरता येतो. म्हणून हात्सुने संचाच्या काचेसमोर पाहणाऱ्याला आधी ती कविता ऐकवायला हवी: मोठ्या अक्षरांत, आवाजात, आईच्या गोष्टीसह. कोणत्या तंत्राने सोनं शिंपडलं याची पाटी नंतर वाचता येईल. आज बहुतेकदा क्रम उलटा असतो, आणि मग जपानी माणूसही परदेशी पाहुण्यासारखा झळाळी पाहून पुढे सरकतो.

नव्या निर्मितीसाठीही कविता हाताशी आहे. तावारा माची हिचा ‘साराडा किनेन्बी’ हा तान्का या छोट्या कवितांचा संग्रह १९८७मध्ये आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. सॅलडच्या साध्या कौतुकातून एक तारीख सण ठरवणारी त्यातली कविता आजही अनेक जपान्यांना तोंडपाठ आहे. हेइआन दरबाराला नानिवाचा बोरू जितका परिचित होता तितकी ही कविता टोकियोच्या लोकलमधल्या प्रवाशाला परिचित आहे. काना सुलेखनाची शिस्त अंगी असलेले हात देशभर आहेत, पण प्रदर्शनांत ते अजून बहुधा ‘कोकिनशू’कडेच वळतात. त्यांनी आणि आजच्या तान्काकारांनी एका कागदावर यावं. आशिदे जिवंत राहायची तर लपवलेली कविता आजच्या वाचकाच्या ओठांवरची हवी, आणि ती लपवण्याचं धाडस सुलेखकाने करायला हवं.